एकटीनं चालायचं म्हणजे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

ज्यांच्यासमोर उभं राहिलं की आजही हात आपोआप पाठीमागे जातात असे माझे सर्व गुरुजन, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

समितीचा निरोप आला की प्रत्येकानं वीस मिनिटं बोलायचं आणि निवृत्तीनंतर आपण काय करतो ते सांगायचं. माझ्याआधी शेती झाली, नातवंडं झाली, भजनी मंडळ झालं. माझा विषय थोडा वेगळा आहे. मी चालते. सकाळी मैदानाला चार चकरा मारणं, तसं चालणं नाही. पाठीवर सॅक टाकायची आणि या गावाहून त्या गावाला जायचं. कधी दोन दिवस, कधी तीन, गेल्या हिवाळ्यात पाच दिवस. आणि बहुतेक वेळा एकटी.

मागच्या बाकावरून हसल्याचा आवाज आला, तो बरोबरच आहे. धावण्याच्या शर्यतीत माझा नंबर शेवटून मोजला तरच पहिला यायचा, हे आपल्या पीटीच्या बाईंना आठवत असेल. त्यानंतर ३१ वर्षं मी बँकेच्या खुर्चीत काढली. ५६ व्या वर्षी रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टर म्हणाले, रोज चाला. ते चालणं वाढत वाढत कुठवर गेलं आणि त्यातून काय कळलं, एवढंच सांगते. तुमच्यापैकी कोणाला सुरुवात करायची असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वयाची. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि मग कितीतरी वर्षं ते चालतच राहिले. म्हणजे आज आपलं जे वय आहे त्या वयात त्यांची खरी चाल सुरू झाली. अर्थात ते विनोबा होते, आणि त्यांच्यासोबत माणसं होती. पण "आता गुडघे कुठे साथ देणार" असं म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

दुसरी गोष्ट, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत लांब चालणं ही काही नवी हौस नाही. १९७३ मध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता. रानातल्या गावांतून माणसं आजाऱ्याला घेऊन पायी येत, काहींना दोन-दोन दिवस लागत. आपले एक सर नोकरीच्या सुरुवातीला एटापल्लीकडे होते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पगार आणायला ते कसे चालत यायचे, हे त्यांनी आपल्याला वर्गात सांगितलं होतं. आपण तेव्हा घड्याळाकडे बघत होतो. आता मी ते पुन्हा त्यांच्या घरी जाऊन विचारून आले. सर, आज समोर बसला आहात, म्हणून सांगते, गोष्ट आता नीट कळली.

तर सुरुवात कशी करायची?

मी रामाळा तलावाच्या रस्त्यापासून केली. रोज तीन किलोमीटर, मग पाच. दोन महिन्यांनी आपला परकोट. आपण सगळे या परकोटाच्या आत वाढलो, पण तो पूर्ण फिरून पाहिलेला आपल्यात एकही नसेल. गोंडराजांनी बांधलेली ही तटबंदी साधारण ११ किलोमीटरची. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि मधेमधे खिडक्या. आपल्या लहानपणी तिथे झाडंझुडपं आणि कचरा होता, म्हणून घरचे जाऊ देत नसत. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या मुलांनी श्रमदान करून तो साफ केला. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला होता, ते तुम्ही ऐकलं असेल. कुठे तटावरून, कुठे त्याच्या कडेच्या गल्लीतून अशी मी फेरी पूर्ण केली, तेव्हा मला साडेचार तास लागले, त्यात दोन वेळा चहा. पण गाव सोडलंच नव्हतं. कुठेही थकले तरी ऑटो दहा मिनिटांवर. नव्या माणसाला अशीच वाट हवी, जिथून केव्हाही घरी येता येतं.

परकोट जमला की पुढची परीक्षा सलग दोन दिवसांची. एका दिवशी १५ किलोमीटर कोणीही रेटून नेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा बूट घालता येतात का, तिथे खरं कळतं. पहिल्या वेळी मला जिना उतरताना कठडा धरावा लागला होता. म्हणून महिनाभर दर शनिवार-रविवार १०-१० किलोमीटर केले, मग १२-१२. घाई केली नाही.

आता सामान. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, कारण दुपारी पाय सुजतात. नवे बूट घालून लांब निघू नका, घरात आणि बाजारात महिनाभर वापरा. पायात कुठे घासतंय असं वाटलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून फार उपयोग नाही. सॅकचं वजन पाण्यासकट सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नका. दोन कपडे, एक चादर, दुपट्टा, टॉर्च, शिट्टी, काठी, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं, आधार कार्डाची प्रत, आणि एका कागदावर घरचा नंबर, रक्तगट आणि आपले आजार. मोबाईल बंद पडतो, कागद बंद पडत नाही. खायला फुटाणे, गूळ आणि दशम्या. ज्यांना माझ्यासारखी साखर आहे त्यांनी गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं, कारण दिवसभर चालल्यावर साखर उतरते. मी खिशात साखरेची पुडी ठेवते. पाणी तीन लिटर. आणि आपल्याकडे हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात ४६-४७ अंशांत ज्याला चालायचं असेल त्यानं आधी मृत्युपत्र करावं.

वेगाबद्दल एक सांगते. नकाशावर बघून वाटतं, तासाला पाच किलोमीटर. थांबे, चहा, वाट विचारणं, चिकटपट्टी हे सगळं धरलं तर तासाला तीनच होतात. म्हणजे दिवसाला १५. तेवढेच ठरवा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. भीती नाही वाटत?

वाटते. आणि आपल्या जिल्ह्यात ती वाटलीच पाहिजे. पुण्या-नाशिककडची मंडळी डोंगरातल्या वाटांची पुस्तकं देतात. त्यात पाऊस, दरड, वाट चुकणं हे सगळं असतं, वाघ नसतो. आपल्याकडे ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. पण वाघ काही प्रकल्पाची हद्द बघून राहत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, सगळीकडे तो आहे. बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळपही आला आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय पाय ठेवणं कायद्यानं गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी गेले नसते.

म्हणून माझे काही नियम आहेत. जंगलातून जाणारा रस्ता मी एकटी चालत नाही. चंद्रपूरहून मूलला जाताना चिचपल्लीचं जंगल लागतं, तिथे मी एसटीत बसते. काही मित्र म्हणाले, मग चालत गेलीस असं कसं म्हणायचं? म्हणू नका. मला कोणाला प्रमाणपत्र द्यायचं नाही. विनोबा पहाटे कंदील घेऊन निघत, ते मी करत नाही. आठनंतर निघायचं आणि चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं, कारण पहाट आणि सांज ही जनावराची वेळ. झुडपाआड वाकून बसायचं नाही. कानात गाणी घालायची नाहीत. वन विभागाचा १९२६ आणि पोलिसांचा ११२ हे दोन नंबर पाठ. भामरागड-एटापल्लीकडे अनोळखी माणसानं पायी जायचं असेल तर आधी गावात आणि पोलीस ठाण्यात सांगून, सोबत घेऊनच जावं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम. प्रत्येक गावात पोचल्यावर आधी कोणाला तरी भेटायचं. बायकांसाठी सांगते, कुठल्याही गावात आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई असतातच. त्यांना विचारायचं, पुढची वाट कशी आहे, रात्री कुठे टेकता येईल. पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं. त्या पुढच्या गावातल्या आपल्या ओळखीच्या बाईला फोन करतात, "एक बाई येत आहे, निळी सॅक आहे." मी पुढच्या गावात पोचायच्या आधी माझी सॅक तिथे पोचलेली असते. लोक म्हणतात, मी एकटी फिरते. मला विचाराल तर मी घरी असते तेव्हा जास्त एकटी असते. फ्लॅटमधल्या शेजारणीला मी चार दिवस दिसले नाही तरी कळत नाही.

माझी पहिली खरी लांबची चाल ठरली ती मूलहून मार्कंड्याला. हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडायची की आपण गडचिरोली जिल्ह्यात. दोन दिवसांची चाल. जानेवारी महिना. धान निघून गेलेलं, बांध्यांमध्ये लाखोरी उभी, गावागावाला तलाव, तलावात पाणपक्षी. पहिल्या दिवशी १५ किलोमीटर छान झाले. एका गावात अंगणवाडीच्या बाईंच्या घरी मुक्काम केला. भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि माझ्यासाठी म्हणून शेजारून आणलेलं दही.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर दोन किलोमीटरवर एक गुराखी आडवा आला. म्हणाला, "बाई, समोर जाऊ नका. काल सांजच्याले वाघानं कालवड मारली. अजून तिथंच हाये." थोडं पुढे गावातलीच दोन पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर उभी होती, वन विभागाच्या मदतीला नेमलेली. मोटारसायकलींना ती दोन-दोनच्या जोडीनं सोडत होती. पायी माणसाला नाही.

मी घड्याळ बघितलं. मार्कंडा दुपारपर्यंत आलं असतं. चार महिने त्यासाठी सराव केला होता, घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या पोरांपैकी एक म्हणाला, बसा मागे, सोडून देतो. बसले असते तर पोचलेही असते. पण तो मला सोडून परत एकटा येणार होता, त्याच रस्त्यानं. मी मागे वळले.

परत त्याच घरी गेले. बाई कामाला गेल्या होत्या, त्यांच्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी पाणी दिलं आणि मग सहज बोलाव्या तशा बोलल्या. दोन वर्षांपूर्वी मोहफुलाच्या दिवसांत त्यांची धाकटी जाऊ सकाळी फुलं वेचायला गेली ती परत आली नाही. मोह पहाटे पडतो, आणि उजाडता उजाडता वेचावा लागतो. वाकूनच वेचावा लागतो. मी जे करायचं नाही म्हणून कागदावर लिहून ठेवलं आहे, तेच सगळं त्या कामात करावं लागतं. मी विचारलं, मग आता कोण जातं? त्या म्हणाल्या, "मीच जातो. तुमी हौसेनं चालता बाई, वाघ दिसला तं वापस येता. आमाले जावाच लागते."

मला यावर काही बोलता आलं नाही, आणि आजही मी यावर काही शहाणपणाचं बोलणार नाही. दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्याची बातमी आपण चंद्रपुरात वाचतो. मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण, गुरं. बातमीत गावाचं नाव असतं, वय असतं. आपण पान उलटतो. मी त्या ओसरीवर बसेपर्यंत ते माझ्यासाठीही गावाचं नाव आणि वय एवढंच होतं. चालण्यानं माझी साखर किती कमी झाली हे मी डॉक्टरांच्या कागदावर दाखवू शकते. हे दुसरं कुठल्या कागदावर येत नाही, पण माझ्या लेखी ते मोठं आहे.

त्यातून एक ठरवलं. ज्यांच्या जिवावर आपण एकटे फिरतो त्यांच्यावर आपला भार टाकायचा नाही. आपल्याला शोधायला रात्री कोणाला काठी घेऊन रानात जावं लागेल असं काही करायचं नाही. मुक्कामाचे पैसे कोणी घेत नाही, तर अंगणवाडीला वह्या-रंग द्यायचे. आणि परत फिरावं लागलं तर तोंड पाडायचं नाही. परत फिरता येतं ही आपली चैन आहे. ती वापरायची.

मार्कंड्याला मी पोचले ती पुढच्या महिन्यात, महाशिवरात्रीला. तेव्हा यात्रेसाठी आजूबाजूच्या गावांतून लोक पायी निघतात, रस्त्यावर सकाळपासून माणसंच माणसं. बायका डोक्यावर बोचकी घेऊन, पोरं खांद्यावर. नव्या माणसाला माझा हा सल्ला आहे. पहिल्या लांब चालीसाठी असा दिवस निवडा, ज्या दिवशी त्या रस्त्यावर आधीच चालणारे लोक असतील. तुम्ही एकटेच असता, तुमच्या वेगानं चालता, पण वाट एकटी नसते. आपल्याकडे ही सोय आपल्या आज्या-पणज्यांनी करून ठेवली आहे. पंढरीची वारी दुसरं काय आहे? आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि दरवर्षी त्यात पहिल्यांदाच चालणारे किती तरी असतात.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळून वाहते. त्या वळणावरची ती काळवंडलेली दगडी देवळं, त्यांच्यावरचं कोरीव काम आपण शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. तेव्हा एसटीतून उतरून पहिल्यांदा डबे उघडले होते, हे तुम्हाला आठवत असेल. या वेळी मी आधी नदीत पाय सोडून बसले. पायांना एक फोड होता, डाव्या करंगळीला.

गेल्या डिसेंबरात सेवाग्रामहून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत चालले, पाच दिवस. हा सगळा उघडा मुलूख, कापसाचा आणि तुरीचा, म्हणून निवडला. हमरस्त्यावर ट्रक असतात, त्यामुळे शक्य तिथे गावांतल्या रस्त्यांनी गेले. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. आनंदवनाचं उद्घाटन जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते झालं. या दोन ठिकाणांमधलं अंतर आपण गाडीनं दीड-दोन तासांत काढतो. चालत गेल्यावर मला त्या मधल्या गावांची नावं पाठ झाली, कुठल्या विहिरीचं पाणी गोड आहे ते कळलं, आणि कापूस वेचायची मजुरी किलोमागे किती मिळते तेही कळलं.

यजमानांचे गुडघे खरोखरच गेले आहेत, ते येत नाहीत. ते घरी नकाशा घेऊन बसतात. दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेचारला मी फोन करायचा, साडेपाचपर्यंत फोन आला नाही तर त्यांनी आधीच्या गावात फोन करायचा, असं ठरलेलं आहे. पाच दिवसांत ते शब्दानं बोलले नाहीत, पण घरी आल्यावर बघितलं तर नकाशावर प्रत्येक गावाला पेन्सिलीनं गोल केलेला, आणि शेजारी फोनची वेळ. तुम्ही कोणी एकट्यानं निघणार असाल तर घरी असा एक माणूस आधी तयार करा. बूट त्यानंतर घेतले तरी चालतील.

मुलगा पुण्याहून म्हणतो, आई, आता नर्मदा परिक्रमा कर. बघू. अजून पाच दिवसांवरच आहे मी. पुढच्या हिवाळ्यात सात करायचे आहेत.

वेळ संपत आली, समितीचे हातवारे दिसत आहेत. एक निरोप सांगून थांबते. उद्या रविवार आहे, आणि बहुतेकांच्या गाड्या दुपारच्या आहेत. सकाळी साडेसहाला जटपुरा गेटपाशी मी उभी असेन. परकोटाची फेरी करू. पूर्ण ११ किलोमीटर नको, बिनबा दरवाजापर्यंत जाऊ, ज्याला जमेल तो पुढे येईल. पायात जुने, सवयीचे बूट घालून या. पाणी आणा. आणि घरी किंवा हॉटेलवर सांगून या, कुठे जात आहात आणि केव्हा परत येणार.